पेटीतले बिल्ले: दोन महायुद्धांतल्या सेवापदकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, बेळगाव या पट्ट्यातल्या घरांतून जुन्या पदकांचे फोटो सतत येत असतात. बहुतेक ठिकाणी आजोबा-पणजोबा गेलेले असतात, कागद वाळवीने खाल्लेले असतात आणि हाती उरतात ते फक्त बिल्ले. त्यांतून काय कळू शकतं, ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने इथे मांडलं आहे. आपला माणूस कोणत्या मुलखात आणि कोणत्या काळात होता याची हे बिल्ले म्हणजे सरकारी नोंद आहे. ती वाचायला शिका, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं असतं.

१. सेवापदक आणि शौर्यपदक यांत फरक काय?

शौर्यपदक एखाद्या कृत्यासाठी मिळतं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या (म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीच्या) नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने धाव घेतली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवलं आणि शत्रूची ठाणी मोडून काढली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सेवापदकाला असं कृत्य लागत नाही. नेमलेल्या मुलखात, नेमलेल्या तारखांच्या आत, नेमलेले दिवस हजर असलेल्या प्रत्येकाला ते मिळतं. हुद्दा पाहिला जात नाही. शिपायाला जो तारा, तोच त्याच्या कर्नलला. म्हणून ‘आजोबांना कशाबद्दल मिळालं?’ याऐवजी ‘आजोबा कुठे होते?’ असं विचारलं की उत्तर सापडतं.

२. आमच्याकडे तीन तारे आणि दोन गोल पदकं आहेत. कोणतं काय, ते कसं ओळखायचं?

पिवळ्या धातूचा सहा टोकांचा तारा दिसला, तर तो दुसऱ्या महायुद्धातला. मधोमध मुकुट आणि राजाची अक्षरं असतात आणि त्यांच्याभोवती ताऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे फीत हरवली तरी अडत नाही. मराठी घरांत बहुतेक चार तारे सापडतात: १९३९–४५, आफ्रिका, बर्मा आणि इटली.

गोल पदकं पांढरट धातूची असतात. मागच्या बाजूला दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते वॉर मेडल. मुकुटाखाली रोपटं आणि दोन बाजूंना सिंह असतील तर डिफेन्स मेडल. हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल. चार टोकांचा तारा किंवा चांदीचं गोल पदक असेल, तर बहुधा पहिलं महायुद्ध (पाहा प्रश्न १२).

फीत शिल्लक असेल तर तीही बोलते. १९३९–४५ स्टारच्या फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे आहेत: आरमार, भूदल, हवाई दल. आफ्रिकेची फीत वाळूच्या रंगाची, बर्माची गडद निळी असून मध्ये रुंद लाल पट्टा आणि निळ्यात नारिंगी रेघा. इटलीच्या फितीत त्या देशाच्या झेंड्याचे लाल, पांढरा, हिरवा हे रंग.

३. १९३९–४५ स्टार कोणाला मिळायचा?

३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात लढाईच्या मुलखात सहा महिने सेवा झालेल्या सैनिकाला. विमानावरच्या कर्मचाऱ्यांना दोन महिने पुरत. बारवर (पदकं ओळीने टांगायच्या दांडीवर) हा तारा सर्वांत आधी लावतात. मुदत पुरी न झालेल्यांसाठी प्रश्न ९ पाहा.

४. आफ्रिका स्टार आहे, पण फितीवर ‘8’ चा आकडा नाही. तो हरवला असेल का?

हरवला असेलच असं नाही, आणि या प्रश्नाने अनेक घरांत विनाकारण खंत निर्माण केली आहे. आफ्रिका स्टारसाठी १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेच्या रणक्षेत्रात एक दिवसाची हजेरीही पुरे होती. इरिट्रिया, अ‍ॅबिसिनिया, सोमालीलँड, सुदान आणि माल्टाही त्यात धरले जात. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची पट्टी, म्हणजेच फितीवरचा ‘8’, मात्र २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात त्या आर्मीत असलेल्यांनाच मिळाली. २३ ऑक्टोबर हा इजिप्तमधल्या अलामीनच्या मोठ्या लढाईचा पहिला दिवस.

आता हे आपल्या पलटणींना लावून पाहा. १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढून मग आफ्रिका सोडून गेलेल्या मराठा जवानाला आफ्रिका स्टार मिळाला, ‘8’ नाही. २/५ मराठा ही पलटण जून १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक पडल्यावर कैद झाली. हे जवान आठव्या आर्मीतच लढले होते, तरी पट्टीची तारीख त्यांच्या कैदेनंतर चार महिन्यांनी सुरू होत असल्यामुळे त्यांच्या फितीवर आकडा आला नाही. वाळवंटात सगळं भोगून झालेल्या या माणसांवर त्या तारखेने अन्याय केला, असं मला आजही वाटतं. पण त्यांच्या पदकात काही कमी नाही.

५. इटली स्टारसाठी किती दिवस लागत?

एक दिवस. मुदत ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. सिसिली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि आसपासची काही बेटंही यात येतात, त्यामुळे हा तारा असलेला माणूस इटलीतच होता असं गृहीत धरू नका. भारताच्या ४थ्या, ८व्या आणि १०व्या डिव्हिजन इटलीत लढल्या. १/५ मराठा आठव्या डिव्हिजनमध्ये होती, ३/५ दहाव्यात. आफ्रिका आणि इटली हे दोन्ही तारे एकाच बारवर असतील, तर तो जवान बहुधा भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर जाऊन आलेला आहे.

६. आजोबा कधी ब्रह्मदेशात गेले नाहीत, आसामात होते असं आजी सांगायची. मग बर्मा स्टार कसा?

आजी बरोबर सांगत होती. ब्रह्मदेशातली सेवा ११ डिसेंबर १९४१ पासून धरली गेली, पण १ मे १९४२ पासून बंगाल आणि आसाम प्रांतांतली सेवाही बर्मा स्टारला पात्र ठरली, कारण जपानी फौज दाराशी आली होती. मार्च १९४४ मध्ये ४/५ मराठा मणिपुरातल्या सांगशाक गावाजवळ पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यात सापडली. पाणी जवळपास नव्हतं, दारूगोळा संपत आला होता. त्या झुंजीने इम्फाळ-कोहिमाच्या तयारीला मोलाचे दिवस मिळवून दिले. ही लढाई आजच्या भारताच्या भूमीवर झाली आणि तिचा तारा बर्माचाच.

याच नियमामुळे कलकत्त्याच्या डेपोत काम केलेल्यालाही हाच तारा मिळाला. तेव्हा तारा पाहून आघाडी ठरवू नका, पलटण शोधा (पाहा प्रश्न १९).

एक बारकावा: बर्मा आणि पॅसिफिक या दोन्ही ताऱ्यांना पात्र असलेल्याला आधी मिळवलेला तारा देत आणि दुसऱ्याच्या नावाची पट्टी त्याच्या फितीवर बसवत. ताऱ्यांची एकूण मर्यादा त्या वेळी पाच होती.

७. आमच्याकडे फक्त सिंहाचं गोल पदक आहे. म्हणजे पणजोबा युद्धावर गेलेच नाहीत?

वॉर मेडलसाठी ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात कुठेही २८ दिवस पूर्ण वेळ सेवा पुरे होती. एकटं वॉर मेडल असेल तर ते लढाईच्या मुलखात पोचले नसावेत, किंवा युद्धाच्या उत्तरार्धात भरती झाले असावेत. भरती होणं हे त्यांच्या हातात होतं, कुठे पाठवायचं हे नव्हतं. या एका बिल्ल्याबद्दल ओशाळून बोलणारी नातवंडं भेटतात तेव्हा वाईट वाटतं. फितीवर ओकच्या पानाचं छोटं चिन्ह असेल तर नीट जपा: युद्धवृत्तात त्यांचा नावानिशी उल्लेख झाला आहे.

८. डिफेन्स मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल दोन्ही का मिळत नसत?

नियमच तसा होता. आपल्या देशाबाहेर, पण प्रत्यक्ष लढाई नसलेल्या मुलखात एक वर्ष काढलेल्या भारतीय जवानाला डिफेन्स मेडल मिळे. हवाई हल्ल्याची टांगती तलवार असलेल्या ठिकाणी सहा महिने पुरत. लढाई थांबल्यानंतर इराक-इराणमध्ये तेलाच्या आणि रस्त्यांच्या पहाऱ्यावर राहिलेल्यांकडे ते सहसा सापडतं.

मग हिंदुस्थानातच राहून छावण्या, रेल्वे, कोठारं सांभाळणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी १९४६ मध्ये इंडिया सर्व्हिस मेडल काढलं. अट तीन वर्षांच्या सेवेची. डिफेन्स मेडल मिळालेल्याला ते मिळत नसे.

या अटीतून एक उपयोगी गोष्ट निघते. युद्धाचा हिशोब २ सप्टेंबर १९४५ ला संपतो. म्हणजे तीन वर्षं पुरी झालेला माणूस १९४२ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तरी फौजेत दाखल झालेला असणार. भरतीचा कागद नसेल तर हे पदकच त्याची जागा घेतं.

९. आजोबा रणांगणावर गेल्यावर महिन्याभरातच पडले. तरी १९३९–४५ स्टार घरी आला. चूक झाली का?

नाही. लढाईच्या मुलखातली सेवा मृत्यूमुळे, जखमेमुळे किंवा सेवेतून आलेल्या अपंगत्वामुळे खंडित झाली तर सहा महिन्यांची अट लागू नसे. त्याच मोहिमेत शौर्यपदक किंवा युद्धवृत्तात उल्लेख मिळालेल्यालाही दिवस मोजावे लागत नसत.

१०. युद्धकैदी झालेल्याचं पदक काढून घेत का?

कैद होणं हा गुन्हा नव्हता. टोब्रुकला पकडला गेलेला जवान त्याआधीच आफ्रिका स्टारला पात्र झालेला होता आणि तो हक्क तसाच राहिला. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे (पाहा प्रश्न १७).

११. आजोबा १९४५ च्या दिवाळीत जावा बेटावर होते म्हणतात. युद्ध तर संपलं होतं ना?

जपानशी युद्ध संपलं, पण जावा-सुमात्रात नवा संघर्ष पेटला होता. जपानी फौजेची शस्त्रं काढून घेण्यासाठी आणि कैद्यांच्या सुटकेसाठी भारतीय डिव्हिजन तिथे उतरवल्या. २३वी डिव्हिजन जावात गेली आणि तीत मराठा पलटणी होत्या. सुराबायात फार रक्त सांडलं. समोर उभे होते ते स्वातंत्र्य मागणारे इंडोनेशियन, आणि आपल्या जवानांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार केल्याशिवाय हे पदक मला हातात धरता येत नाही. या सेवेला महायुद्धाचा तारा नाही. तिच्यासाठी १९१८ चं जनरल सर्व्हिस मेडल आणि त्यावर ‘एस. ई. एशिया १९४५–४६’ ही पट्टी. ते चांदीचं असतं आणि कडेवर नाव कोरलेलं असतं.

१२. पहिल्या महायुद्धाची पदकं कोणती?

पूर्ण संच तीन पदकांचा. पहिला चार टोकांचा तारा, आणि इथे सूक्ष्म भेद आहे. ‘१९१४’ तारा ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना. लाहोर डिव्हिजन २६ सप्टेंबर १९१४ ला फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरली, त्यामुळे भारतीयांतही त्याचे मानकरी आहेत. ‘१९१४–१५’ तारा ‘१९१४’ तारा न मिळालेल्या, पण ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत कोणत्याही आघाडीवर गेलेल्यांना. मधल्या पट्टीवरचं साल वाचलं की झालं.

मराठा घरांत बहुतेक दुसरा सापडतो, कारण १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमाराला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. भुकेने आणि नंतरच्या कैदेतल्या पायपिटीने गेलेली माणसं लढाईत पडलेल्यांहून कमी शूर नव्हती.

दुसरं ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, मागे घोडेस्वार. तिसरं व्हिक्टरी मेडल, कांस्याचं, पंख असलेली स्त्री आणि इंद्रधनुष्यी फीत. १९१६ मध्ये किंवा त्यानंतर आघाडीवर पोचलेल्याला तारा नाही, फक्त ही दोन.

१३. आमचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नाही, तांबूस आहे. नकली आहे का?

बहुधा अस्सल आहे, आणि दुर्मीळ. फौजेबरोबर गेलेले मजूर, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी अशा बिनलढाऊ माणसांना हेच पदक कांस्यात दिलं. आघाडीवरचा ताप, उपासमार आणि गोळे यांनी मात्र असा भेद केला नव्हता. तुमच्या घरातलं हे पदक बैठकीत लावा.

१४. कडेवर नाव असतं का? आमच्या पदकावर काहीच नाही.

पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या मागे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी दिली गेली. भारतीय पदकांपैकी काहींवर नाव सापडतं, काहींवर नाही, म्हणून कोरं पदक नकली ठरत नाही.

भिंग घ्या आणि तिरप्या उजेडात पाहा. नाव इंग्रजी अक्षरांत, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. एकाच पलटणीत एका नावाचे अनेक जण असत, म्हणून नावापेक्षा नंबर मोलाचा. जुन्या पदकावर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ हा पलटणीचा आकडा असेल, तर ती १९२२ च्या फेररचनेत ५व्या मराठा रेजिमेंटमध्ये आली.

१५. लष्करी फोटोत छातीवर फक्त फिती दिसतात, पदकं नाहीत. का?

१९३९–४५ आणि आफ्रिका हे तारे १९४३ मध्ये जाहीर झाले, पण युद्ध चालू असताना फक्त फिती दिल्या. प्रत्यक्ष तारे नंतर आले. फोटोत दोनच फिती आणि पेटीत पाच पदकं असतील, तर तो फोटो मधल्या काळातला आहे, इतकंच.

१६. आमचे आजोबा रत्नागिरीचे खलाशी, व्यापारी जहाजावर होते. त्यांना पदकं मिळत का?

मिळत. व्यापारी जहाजावरच्या माणसाला सहा महिन्यांची सेवा आणि धोक्याच्या समुद्रातून किमान एक फेरी झाल्यावर १९३९–४५ स्टार मिळे. अटलांटिक स्टारची सहा महिन्यांची मोजणी त्यानंतर सुरू होई. कोकणातल्या खलाशांनी बॉयलरसमोर उभं राहून, पाणबुड्यांच्या छायेत हे महिने काढले आणि त्यांच्या घरांत पदकं आजही कमीच दिसतात. हातात जहाजाची नोंदवही असेल तर ती पदकाइतकीच जपा.

१७. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांना काय मिळालं?

ब्रिटिश सेवापदकं त्यांच्या आझाद हिंद सेनेतल्या कामगिरीसाठी असणं शक्यच नव्हतं. नेताजींच्या सरकारची स्वतःची पदकं होती: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. स्वतंत्र भारतात या सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता आणि निवृत्तीवेतन मिळालं. एकाच गावात एका भावाकडे बर्मा स्टार आणि दुसऱ्याकडे सन्मानपत्र असणं अगदी शक्य आहे. दोन्ही जपा.

१८. त्याच बारवर तिरंगी फितीचं पदकही आहे. ते कोणतं?

केशरी, पांढरा, हिरवा असे सारखे पट्टे असतील तर ते १९४७ चं भारतीय स्वातंत्र्य पदक. याचा अर्थ आजोबा स्वातंत्र्याच्या वेळी फौजेत होते. लाल फितीवर बारीक हिरव्या रेघा असतील तर १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल, ज्याच्या दर्शनी बाजूवर उभी भवानी तलवार आहे. त्यावरची पट्टी वाचा: ‘जम्मू अँड काश्मीर’, ‘नागा हिल्स’, ‘गोवा १९६१’, ‘लडाख १९६२’ वगैरे. ‘गोवा १९६१’ असेल तर डिसेंबर १९६१ च्या मुक्तिमोहिमेचा तो साक्षीदार. दमणवर चालून गेली ती १ मराठा लाइट इन्फंट्री. १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल हे त्यानंतरचे.

१९. आजोबांची नोंद कुठे मिळेल?

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय जवानांची कागदपत्रं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे विचारावीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. पत्रात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका लिहा. नंबर नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जुन्या पेन्शनच्या कागदावरून तो कधीकधी मिळतो. जवान युद्धात पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत शोधा. तिथे अनेक भारतीयांच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग बदलून बदलून पाहा.

२०. या पदकांवर पैसे किंवा पेन्शन मिळते का?

सेवापदकाला रोख रक्कम जोडलेली नाही. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी राज्य शासनाची आर्थिक मदत आहे. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा, दलालाकडे नको.

२१. पदकं चकचकीत करू का? विकली किंवा परदेशी नेली तर चालतील का?

चिंच, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. अक्षरं झिजली की नोंद गेली. मऊ कोरड्या कापडाने पुसा, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो काढून घरातल्या सगळ्यांकडे पाठवून ठेवा.

विकायचा निर्णय घराचा असतो. मात्र सगळी पदकं एकत्र राहू द्या. सुटी झाली की कोणाची होती हे कायमचं पुसलं जातं. चांदीच्या वजनावर सोनाराला तर मुळीच देऊ नका. परदेशी नेण्याबद्दल: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली पदकं आता त्या वयाची झाली आहेत, तेव्हा अमेरिकेतल्या नातवाच्या बॅगेत ती टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.